जनान्याच्या दाराला बाहेरून कुलूप

थांबा, असे वाकून फटीतून आत बघू नका. खेळ सुरू आहे, आत बायका बसल्या आहेत आणि बाहेरून कुलूप आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. मी या टॉकीजच्या जनान्याचा दरवाजा बोलतोय. दारं कुठं बोलतात, ती तर करकरतात, असं तुम्ही म्हणाल. मीही इतकी वर्षं करकरण्यावरच भागवलं. पण जे मी पाहिलं ते करकरून सांगण्यासारखं नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही मला ते खरं वाटत नाही.

मी मेळघाटचा साग. परतवाड्याच्या लाकडाच्या वखारीतून बैलगाडीवर अकोल्याला आलो. तिथं पुंजाराम मिस्त्रीनं मला कापलं, जोडलं आणि दोन जाडजूड फळ्यांचा दरवाजा केला. सागाला वाळवी लागत नाही, म्हणून तो जात्याच थोडा शिष्ट असतो. मी तर फारच होतो. मला वाटायचं, मला नक्कीच एखाद्या बँकेला नाहीतर कोर्टाला लावणार.

लावलं टॉकीजला. भगवंतराव नावाच्या एका जिनवाल्या शेठजींनी ती बांधायला काढली होती. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आमच्या वऱ्हाडात ज्याचं जिन चालतं त्याचं सगळंच चालतं. टॉकीजचं नाव ठेवलं रत्नप्रभा. तुम्ही तिचं तोंड पाहायला हवं होतं. दर्शनी भिंतीवर चुन्यातले दोन मोर, मोरांच्या मध्ये उगवता सूर्य, सूर्याच्या खाली तीन कमानी, आणि कमानींवर सिमेंटमध्ये कोरलेलं साल, १९५३. शेठजींना नाटकाचाही शौक होता, म्हणून पडद्यापुढं लाकडी रंगमंच ठेवला होता. हे सगळं पुढून. मागं मात्र लांबलचक भिंती आणि वर टिनाचं छप्पर. गावात नव्या नवरीची अशी थट्टा करतात, पुढून पैठणी आणि मागून धडुतं, तशीच ही इमारत.

टिनामुळंच घोटाळा झाला. पहिल्याच खेळाला आवाज असा घुमला की पडद्यावरचा नायक काय म्हणतो ते कोणालाच कळेना. लोकांनी शिट्ट्या मारून भिंती हलवल्या. मुंबईहून कोणी जाणकार बोलवा, असं मॅनेजर शेषराव म्हणाले. शेठजी हसले. जिनाच्या गोदामात रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या ढिगाजवळ उभं राहिलं की समोरच्याचं बोलणंही दबून येतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी तरटाच्या गाद्या शिवून घेतल्या, त्यांत घरचाच रुईचा कचरा ठासून भरला आणि त्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत ठोकल्या. वरून निळं कापड. आवाज एकदम सुधारला, आणि सगळ्या गावानं शेठजींचं डोकं मानलं.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. याच शेठजींच्या जिनात फाटकावर प्रत्येक मजुराचे खिसे तपासत. काडेपेटी सापडली की त्या दिवसाची मजुरी बुडाली. बिडी ओढायची तर रस्त्यापलीकडं जाऊन. कापूस कसा पेटतो हे अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. आणि तीच माणसं टॉकीजमध्ये त्याच रुईच्या भिंतीला पाठ टेकून मजेत बिड्या ओढत. निळं कापड लावलं की आतली रुई विसरायची, असं माणसाचं असतं की काय कोण जाणे. मी दार आहे. मला तेव्हाही ते विचित्र वाटलं होतं.

आता माझ्या जागेचं सांगतो. आत डाव्या अंगाला बायकांचा भाग, त्याला जनाना म्हणत. पुरुषांचा आणि बायकांचा भाग यांच्यामध्ये छातीइतकी उंच भिंत, आणि भिंतीवर काळा जाड पडदा. अंधार झाला की पडदा बाजूला सरकायचा, मध्यंतराचे दिवे लागले की पुन्हा ओढला जायचा. बायकांची ये-जा वेगळ्या बोळातून, आणि त्या बोळात मी. त्यांना पुरुषांच्या बाजूला पाऊल टाकायची गरजच नव्हती. तिथं पाऊल टाकायची कल्पनाही कोणाला शिवत नव्हती.

सुरुवातीला बायका येतच नसत. मोठ्या घरांतून विचारणा झाली, आत कोणी घुसला तर काय. मग शेठजींनी माझ्या बाहेरच्या अंगाला कडी-कोयंडा लावला, मूठभर पितळी कुलूप आणलं आणि किल्ली कुलसुमबीच्या कमरेला दिली. कुलसुमबी विधवा होती. तिची मुलगी शहाजादी बाळापूरला दिलेली. गावातल्या हिंदू घरांत बांगड्या भरायला तीच जायची, त्यामुळं तिच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा. खेळ सुरू झाला की कुलूप, मध्यंतराला उघडायचं, पुन्हा कुलूप. मग गावात म्हणू लागले, कुलूप आहे ना, कुलसुमबी आहे ना, मग जाऊ द्या. बुरख्यातल्या आल्या, नऊवारीतल्या आल्या, जिनातल्या मजूर बाया आल्या.

तुम्हाला वाटेल, कुलूप म्हणजे कैद. त्या बायकांना तसं वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी बंद झालो की आतून एक मोठा सुस्कारा ऐकू यायचा. आता तीन तास ‘पाणी दे’ म्हणणारा कोणी आत येणार नव्हता. पदर ढिले व्हायचे, पाय पसरले जायचे, फुटाण्याच्या पुड्या सुटायच्या. पडद्यावर सासू सुनेला छळू लागली की आत जो शिव्यांचा पाऊस पडायचा, तो त्यांच्या घरच्यांनी ऐकला असता तर भोवळच आली असती.

कुलसुमबीची एक रीत होती. खेळ सुटायच्या वेळी बोळात पुरुष बायकोला न्यायला येऊन थांबत. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, बायकोनं नवऱ्याचं घ्यायचं नाही; मग कुलसुमबी फळी किलकिली करून ठिकाणाचं नाव पुकारायची. बाळापूरवाले आले, ताजनापेठवाले आले, वकीलसाहेब आले. आपलं ठिकाण ऐकलं की ती ती बाई उठायची. पुकाराची एकदाही चूक झाली नाही. मी तिच्या पाठीला टेकून सगळं ऐकायचो आणि मनात म्हणायचो, या बाईच्या हातात असणं ही काही लहान गोष्ट नाही.

एकोणसाठचा उन्हाळा. अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला त्याला उष्णतेचं वर्णन सांगू नये. दुपारचा खेळ होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, आत मात्र खसाच्या ताट्यांवर पाणी मारून गारवा केलेला. म्हणूनच जनाना गच्च भरला होता. कुलसुमबीनं नेहमीप्रमाणं मला कुलूप घातलं आणि स्टुलावर बसली.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. आतून कोणीतरी फळीवर टकटक केली. रांजणातलं पाणी संपलं होतं, लेकरं रडत होती. कुलसुमबीनं घागर उचलली. विहीर रस्त्यापलीकडच्या वाडीत. जाताना तिनं कुलूप ओढून पाहिलं. दार उघडं टाकून आणि स्टूल रिकामं ठेवून जाणं तिच्या बापजन्मात झालं नसतं.

ती गेली आणि मला आधी वास आला. कापूस धुमसतो त्याचा वास वेगळाच असतो, खवखवणारा. मग पलीकडून आरोळी आली, दिवे लागले, आणि सवयीनं कोणीतरी मधला काळा पडदा ओढून घेतला. कोणाची बिडी, कुठली ठिणगी, कधी कळलं नाही. तरटाच्या गाद्या कोपऱ्यातून वर चढत पेटत गेल्या. पुरुषांच्या बाजूला पळापळ झाली, बाक उलटले, समोरच्या कमानी आणि उजव्या अंगाचं बाजाराकडचं दार, दोन्हींतून माणसं लोटली.

इकडं बायका माझ्याकडं धावल्या. सगळ्या. मला अजून तो धक्का आठवतो. आधी तळहात, मग मुठी, मग खांदे. बांगड्या फुटून काचा माझ्या फटीत रुतल्या. कुलसुमबी, कुलसुमबी, अशा हाका. मी साग. मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मला वाळवी लागली असती तर बरं झालं असतं.

आता ऐका. बोळात मॅनेजर शेषराव धावत आले, मागून दोन तिकीटवाले. त्यांनी आतला आक्रोश ऐकला. फळीच्या खालून धूर येताना पाहिला. बोळातच एक लोखंडी पहार पडली होती, काल गटार साफ करायला आणलेली. कोयंड्यावर तिचा एक नेट पुरेसा होता. शेषरावांचा हात पहारेकडं गेलासुद्धा. आणि थांबला. ते मागं वळून म्हणाले, “जनाना हाय बाप्पा. आपण कसं उघडावं? कुलसुमबीले पाहा आंधी.” आणि ते तिघंही तिला शोधायला पळाले.

शेषराव वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची बायको आत होती. तरी त्याला असंच सुचलं. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

आत मनकर्णा होती. जिनात रुई उपसायच्या कामाला जाणारी, सूर्यभानची बायको. तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या घरांतली. ती नेहमी जनान्यात सगळ्यांत पुढं, जमिनीवर सतरंजीवर बसायची. खुर्च्यांवरच्या बायका तिच्यापासून पाय आखडून घेत. ती माझ्याकडं आली नाही. ती उलट दिशेनं गेली, तिनं काळा पडदा दोन्ही हातांनी धरून ओढला आणि पडदा दांडीसकट खाली आला.

पलीकडं छातीइतकी भिंत, तिच्यापलीकडं बाजाराकडचं दार, सताड उघडं. ऊन आत आलेलं दिसत होतं. आणि इकडच्या बायका ते पाहूनसुद्धा मलाच बडवत होत्या. इंदूबाई म्हणून वकीलसाहेबांच्या पत्नी होत्या. त्या पदर डोक्यावरून ओढत म्हणाल्या, “अगं, तिकडं पुरुष आहेत.”

“पुरुष कवाचेच पळाले, बाई,” मनकर्णा म्हणाली. “आब मंग सांभाळू. आंधी लेकरं द्या इकडं.”

तिनं पहिलं लेकरू कोणाच्या तरी कडेवरून हिसकावलं आणि भिंतीपलीकडं बाकावर उतरवलं. लेकरू गेलं म्हटल्यावर आई गेली. मग एकीमागून एक. नऊवारीचा ओचा वर खोवून, बुरखा कमरेला गुंडाळून, एकमेकींना ढकलत, ओढत. इंदूबाईंना मनकर्णानं पाठीवर घेतलं तेव्हा त्यांनी पाय आखडले नाहीत. माझ्यावरच्या थापा कमी होत गेल्या आणि बंद झाल्या. जनाना रिकामा झाला. मनकर्णा शेवटी गेली. सगळ्या वाचल्या. मला इतका आनंद झाला की मागच्या भिंतीवरून आग माझ्याकडं येत होती याचं भानच राहिलं नाही.

आणि मग बोळात पावलं वाजली.

कुलसुमबी. घागर कुठंतरी टाकलेली, ओढणी गेलेली, श्वास लागलेला. रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढत ती आली होती. तिला शोधायला गेलेले तिघं तिला भेटलेच नव्हते. तिनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, माझ्या दोन्ही फळ्या ढकलल्या. आत धूर आणि शांतता.

तुम्ही काय समजला असता? बायका बाहेर पडल्या, असंच ना? कुलसुमबीच्या मनाला ते शिवलंच नाही. दार बंद होतं, कुलूप तिनंच घातलं होतं, म्हणजे बायका आतच असणार. दुसरी वाट तिच्या लेखी नव्हतीच. आवाज येत नाही म्हणजे धुरानं गुदमरून पडल्या असणार. तिनं ओली बाही तोंडावर धरली आणि ती आत शिरली.

तिनं पुकारायला सुरुवात केली. बाळापूरवाले आले. ताजनापेठवाले आले. वकीलसाहेब आले. ती वाकून जमीन चाचपत होती आणि एकेक ठिकाण पुकारत होती, कोणी उठेल म्हणून. मी उघडा होतो, अगदी सताड. बाहेरचा उजेड तिच्या पाठीवर पडत होता. मागं फीर, बाई, एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्या बिजागऱ्या तापून करकरल्या, पण तिला ते कळण्यासारखं नव्हतं.

मग छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या खाली आल्या.

ती त्या छातीइतक्या भिंतीच्या अलीकडं सापडली. जनान्यातल्या सगळ्या बायका त्या वेळी बाजाराच्या अंगाला, भाजीवाल्यांच्या ताडपत्रीखाली सुखरूप बसल्या होत्या.

मला वाटलं, आता माणसं शहाणी होतील. माझं वय तेव्हा लहानच होतं म्हणायचं. आठवड्यानं जळक्या कमानींपुढं शोकसभा झाली. शेठजी बोलले, त्यांच्या डोळ्यांत पाणी खरं होतं. ते म्हणाले, कुलसुमबीनं मरेपर्यंत किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली नाही, जनान्याची आब राखली. लोकांनी माना हलवल्या. बाळापूरहून आलेली शहाजादी पदरानं तोंड झाकून बसली होती, तिच्या पुढ्यात तीच किल्ली ठेवली होती. शेषराव सगळ्यांत मागं उभे होते आणि मान वर करत नव्हते. कुलूप का होतं, हे एकानंही विचारलं नाही. उलट, बायका पुरुषांच्या दारातून, ओचे खोवून बाहेर आल्या, याचीच कुजबुज जास्त होती. मनकर्णाला जिनात दोन महिने टोमणे ऐकावे लागले. ज्यांना तिनं पाठीवरून उतरवलं, त्यांच्या घरच्यांनीसुद्धा तिला चहाला बोलावलं नाही. इंदूबाईंनी मात्र एक लुगडं पाठवलं, तेही मोलकरणीच्या हाती.

मी जळलो नव्हतो. एका कडेला कोळसा झाला होता तेवढाच. रत्नप्रभेचं लोखंड भंगारात गेलं, मी एका ठेकेदाराला विकलो गेलो. त्यानं माझ्यावरून रंधा फिरवला, हिरवा रंग दिला आणि अमरावतीच्या या नव्या टॉकीजला आणून बसवलं. इथं छत सिमेंटचं आहे, भिंतीला रुई नाही, पंखे आहेत, तिकिटाला नंबर आहेत. सगळं नवं. बायकांचा भाग वेगळा, बोळ वेगळा. आणि माझ्या बाहेरच्या अंगाला तोच कडी-कोयंडा, त्याच भोकांत, तसाच. ठेकेदार म्हणाला, आयता आहे, कशाला काढायचा. पहिल्या खेळाला पार्बताबाई नावाच्या राखणदारणीनं मला कुलूप घातलं तेव्हा मी थिजून गेलो. मला वाटत होतं, कोणीतरी थट्टा करतंय.

तशी वर्षं गेली. दिवसाला तीन खेळ, तीनदा कुलूप, मध्यंतर वेगळं.

मागच्या हिवाळ्यात एक बाई आली. मी तिला लगेच ओळखलं. सूर्यभानला इथं सरकारी शिपायाची नोकरी लागली होती, मनकर्णा आता अमरावतीकर झाली होती. शेजारणींबरोबर हसत-बोलत बोळातून आली आणि माझ्यासमोर थबकली. माझ्या कडेचा कोळसा हिरव्या रंगातूनही दिसतो. तिनं त्यावर बोट फिरवलं. मग कोयंड्याकडं पाहिलं. मग स्टुलावरच्या कुलपाकडं. शेजारणी आत गेल्या, दिवे गेले, आणि ती माझ्या उंबरठ्यावर बसली. माझ्या दोन फळ्यांच्या बरोब्बर मध्ये.

पार्बताबाई म्हणाली, आत बसा, मले दार लावायचं हाय.

“मी इथंच बसतो,” मनकर्णा म्हणाली. “तिकीट काढलं हाय म्या.”

आतून ओरडा झाला, उजेड येऊन राहिला म्हणून. मॅनेजर आला, त्यानं रीत सांगितली, बायकांच्या अब्रूचं सांगितलं, पोलिसांचंही सांगितलं. ती हलली नाही. बाईमाणसाला हात लावून उठवणार कोण? शेवटी तो कंटाळून गेला. मग पार्बताबाई तिच्याशेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, काहून व बाई अशी जिद्द करतं?

मनकर्णा पडद्याकडं पाहतच म्हणाली, “अकोल्यात टॉकीज जळली तवा आमी समद्या बाजाराच्या अंगाले बसलो होतो. मले तिचा पुकारा आला. बाळापूरवाले आले म्हणे. म्या म्हटलं, कुलसुमबी बोळात उभी राहून आमाले बोलावून राहिली. म्या म्हटलं, बोलावू दे, जातो मंग.”

मी इतकी वर्षं समजत होतो की तो पुकारा फक्त मी ऐकला.

त्या दुपारी खेळ संपेपर्यंत मी उघडा राहिलो. मनकर्णाच्या पाठीला माझी एक फळी, पार्बताबाईच्या पाठीला दुसरी. पडद्यावर काय चाललं होतं ते दोघींनीही पाहिलं नसावं. दिवे लागले, मनकर्णा उठली, लुगडं झटकलं आणि शेजारणींबरोबर निघून गेली. संध्याकाळच्या खेळाला पार्बताबाईनं कुलूप हातात घेतलं, बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. मग बोळाच्या तोंडाशी मॅनेजर उभा दिसला आणि तिनं ते लावलं.

आजही लागलेलं आहे, तुमच्या समोर. तुम्ही कोणाला तरी न्यायला आला आहात, हे मला कळतं. आत तुमची बायको असेल, नाहीतर बहीण, नाहीतर आई. ती आत मजेत आहे, तिला हसू द्या. पण पुढच्या वेळी तिला सोडायला याल तेव्हा असे बोळाच्या तोंडावरून परत जाऊ नका. माझ्यापर्यंत या. पार्बताबाई कुलूप उचलेल, तेव्हा तुम्ही पुरुष असून तिला म्हणा, राहू दे. ती वाटच पाहते आहे कोणीतरी म्हणायची.